खालचे चार, वरचे चार

घारपुरे अण्णा कुणाकडेही गेले तरी शर्टाच्या खिशात चमचा घेऊन जातात. ज्या खिशात इतरांचं पेन असतं, त्या खिशात. चहाचा साधा स्टीलचा चमचा, दांड्यावर वेलबुट्टी. पाहुणा चमचा घेऊन आलाय म्हटल्यावर नवीन माणसाला वाटतं, काहीतरी पथ्यपाण्याची भानगड असेल. पण अण्णा चहा यायची वाट बघत नाहीत. ते सरळ स्वयंपाकघरात शिरतात, ओट्यावर फोन ठेवतात, पालथ्या घातलेल्या भांड्यांतलं एक उचलून तीन बोटांच्या टोकांवर तोलून धरतात आणि त्याला चमचा मारतात.

टण्ण.

फोनमध्ये सूर मोजायचं ॲप असतं. त्यातला काटा थरथरतो, कुठेतरी थांबतो. अण्णा चष्म्यावरून त्याच्याकडे बघतात आणि म्हणतात, "रिजेक्ट."

इथपर्यंत एक वेळ ठीक आहे. पण मग ते दुसऱ्या खिशातून टिकल्यांचं पाकीट काढतात. पद्माक्कांच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, कपाळाला लावायच्या रंगीत टिकल्या. त्यातली एक लाल टिकली ते त्या भांड्याच्या बुडाला चिकटवतात आणि पुढचं भांडं उचलतात. जे. पी. नगरमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये चोवीस घरं आहेत आणि एकाही घरात बिनटिकलीची भांडी राहिलेली नाहीत. माझ्याकडची एक कढई, दोन पातेली आणि कुकरचं झाकण एवढी मंडळी आजही सवाष्ण आहेत. टिकली घासून निघत नाही, मी प्रयत्न केलाय.

अण्णा बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात छत्तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. तयार झालेला प्रत्येक भाग मोजायचा आणि त्यावर रंगीत चिठ्ठी लावायची, हे त्यांचं काम. हिरवी चिठ्ठी म्हणजे पास. लाल म्हणजे रिजेक्ट. आणि पिवळी म्हणजे डेव्हिएशन. माल मापात नाही, पण एवढ्यानं काही बिघडत नाही, जाऊ द्या, अशी इन्स्पेक्टरनं स्वतःच्या सहीनं दिलेली परवानगी. अण्णांनी हिरव्या आणि लाल चिठ्ठ्यांची पुस्तकंच्या पुस्तकं संपवली. पिवळं पुस्तक रिटायर होताना कोरं परत केलं. हे ते अजून सांगतात, आणि सांगताना थोडे ताठ बसतात.

"माणूस बघायचा नाही, माप बघायचं," हे त्यांचं आवडतं वाक्य. डोसा वाकडा झाला तरी म्हणतात, राष्ट्रपतींचं भाषण लांबलं तरी म्हणतात.

माझी आणि त्यांची ओळख मात्र भांड्यांमुळे झाली नाही. ती झाली माझ्या चुकीच्या वाजवण्यामुळे.

आम्ही नागपूरहून इथे आलो तेव्हा माझ्या नवऱ्यानं, निखिलनं, हौसेनं एक कीबोर्ड घेतला होता. आठवडाभर त्यानं तो वाजवला, पुढे त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले जाऊ लागले. एका शनिवारी मी कपडे बाजूला करून एक व्हिडिओ लावला आणि शिकायला बसले. पहिला धडा मेजर स्केलचा. व्हिडिओतल्या बाईंनी सांगितलं, इथून सुरू करा आणि सगळ्या पांढऱ्या पट्ट्या ओळीनं वाजवा, झालं मेजर स्केल. तीन बोटं झाली की अंगठा खालून काढायचा, एवढीच काय ती कसरत. अंगठा दोन दिवसांत वळला. मला वाटलं, मेजर म्हणजे पांढऱ्या पट्ट्या, आपल्याला कळलं. म्हणून तिसऱ्या दिवशी मी एक पट्टी पुढे सरकून सुरुवात केली आणि तशाच आठ पांढऱ्या वाजवल्या.

काहीतरी बिघडलं होतं. खुशीत निघालेल्या माणसाची वाटेत चप्पल तुटावी, तसं वाटत होतं. मी परत वाजवलं, परत तुटली. आठव्या-नवव्या खेपेला दाराची बेल वाजली.

दारात बारीक अंगकाठीचे, पांढऱ्या शर्टातले गृहस्थ. खिशात चमचा.

"मी घारपुरे. खालचा मजला," ते म्हणाले. "तुमचा ग पडलाय. नी पण पडलाय. अर्धा तास झाला, दोघांनाही कुणी उचलत नाहीये."

मी सॉरी म्हणाले आणि आवाज कमी करते म्हणाले.

"आवाज नको कमी करू. ग वर कर," असं म्हणून ते आत आलेच. "मेजर म्हणून काय वाजवत्येस? ही काफी झाली. मेजर म्हण, बिलावल म्हण, त्यात सगळे शुद्ध लागतात. पट्टी काळी का पांढरी ते बघायचं नाही. अंतर बघायचं."

मग त्यांनी मला ते समजावलं. कुठल्याही संगीतशिक्षकानं समजावलं नसतं असं, कारण त्यांना ते स्वतःला एका बोटानंच वाजवता येत होतं.

"शेजारची पट्टी म्हणजे अर्धं अंतर. मधली एक सोडून पुढची, म्हणजे पूर्ण अंतर. कळलं? आता मोज. सा ते रे पूर्ण. रे ते ग पूर्ण. ग ते म अर्धं. हे चौघे एका घरात राहतात. आता मधे गल्ली. म ते प, पूर्ण अंतर. गल्लीपलीकडे दुसरं घर. प ते ध पूर्ण, ध ते नी पूर्ण, नी ते वरचा सा अर्धं. बघ, दोन्ही घरं एकाच नकाशाची. कुठल्याही पट्टीवर पाया घाल, नकाशा हाच."

मी मोजून वाजवलं. तिसऱ्या आणि सातव्या ठिकाणी बोट आपोआप काळ्या पट्टीवर गेलं आणि चप्पल तुटली नाही. मला फार आनंद झाला.

"म्हणजे अण्णा, एका घराचा नकाशा कळला की काम झालं. चार स्वरांतच सगळं आलं."

"कळायला चार पुरतात," अण्णा म्हणाले. "वाजवायला आठच लागतात."

एवढं बोलून ते माझ्या स्वयंपाकघरात गेले आणि तिथली कढई रिजेक्ट करून खाली उतरले.

पुढे मी त्यांच्याकडे जाऊ लागले. त्यांच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या शेजारी एक फळी आहे. लोकांच्या अशा फळीवर नातवंडांचे फोटो असतात. अण्णांच्या फळीवर चार भांडी होती. काशाचं एक पातेलं, एक तपेली, एक पितळी वाडगा आणि काशाची वाटी. सा, रे, ग, म. अण्णांच्या आईची भांडी. घारपुरे मंडळी मूळची धारवाडकडची, आणि आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात तशी यांच्यावरही घातलेली. त्यामुळे अण्णा स्वरांची ओळखही नात्यानं करून देत. "हा सा हुबळीच्या नानामामांचा. रे बेळगावच्या मावशीचा. ग हा कुणा वकिलांचा, त्यांना कुणीच ओळखत नव्हतं, पण सूर बघ काय चोख."

चारांनंतर फळीवर मोकळी जागा होती. बरोबर चार भांड्यांएवढी. तिथे धूळसुद्धा नव्हती.

"वरचे चार?" मी विचारलं.

"शोधतोय," अण्णा म्हणाले.

स्वयंपाकघरात पद्माक्कांनी झारा जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

तर घरोघरी चमच्यानं चालायचं ते या वरच्या चारांचं संशोधन. प, ध, नी आणि सा. अण्णांनी त्यालाही कारखान्यासारखी मर्यादा घातली होती. अर्ध्या अंतराचे शंभर भाग करायचे. त्यातले पाच भाग इकडे किंवा तिकडे चालतील, सहावा चालणार नाही. तळमजल्यावरच्या गिरिजाक्कांच्या डब्यात एकदा ध सापडला होता, बिल्डिंगभर बातमी झाली. पण काटा सातवर थांबला. गिरिजाक्का बिचाऱ्या हळहळल्या. "सार, स्वल्पच आहे ना," त्या आपल्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "ॲडजस्ट माडी." जरा चालवून घ्या, असं. अण्णांनी डब्याला हळूच लाल टिकली लावली. त्या अजूनही तो डबा पाहुण्यांना दाखवतात.

भांड्यात थोडं पाणी घातलं तर सूर उतरतो, मग पाणी घालून जुळवून का घेत नाही, असं मी एकदा विचारलं.

"ते भेसळीत जमा," अण्णा म्हणाले.

माझं काम ऐकल्यावर तर त्यांनी आठवडाभर माझ्याशी जरा दुरूनच बोलणं ठेवलं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. म्हणजे तसं बघितलं तर आम्ही एकाच जातीचे, मीही दोष शोधते. त्यांनी कौतुकानं विचारलं, "मग दोष सापडला की काय करता?"

"नोंद करतो. मोठा असेल तर थांबवतो. लहान असेल तर पुढच्या रिलीजमध्ये बघू म्हणतो."

"म्हणजे दोष माहीत असून माल बाहेर जातो?"

"सगळ्याच मालात थोडे असतात, अण्णा."

"आणि सही कोण करतं?"

"मी."

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं आता टिकली मलाच लागते.

हे सगळं मी इतके दिवस गंमत म्हणून सांगत असे. ऑफिसात जेवताना अण्णांचा नवा किस्सा नसेल तर लोक विचारायचे. मला तो म्हाताऱ्या माणसाचा एक निरुपद्रवी छंद वाटत होता. मग आम्ही जयनगरला गेलो.

जयनगरच्या बाजारात भांड्यांचं एक जुनं दुकान आहे. मला पोळ्यांचा डबा घ्यायचा होता, अण्णा बरोबर आले. मी डबा घेईपर्यंत त्यांनी काशाच्या वाट्यांची रास काउंटरवर काढायला लावली होती आणि एकेक वाजवत होते. दुकानदार आधी हसला, मग घड्याळ बघू लागला, मग म्हणाला, "सार, स्वल्प बेगा माडी." जरा लवकर आटपा, असं. मागे गिऱ्हाइकं तुंबली होती. अण्णा वाजवत राहिले. चाळिसाव्या की पन्नासाव्या वाटीला काटा थरथरला आणि सरळ मधोमध उभा राहिला.

प. ना एक भाग खाली, ना एक भाग वर.

मी टाळीच वाजवली. दुकानदारानंही वाजवली, सुटका झाली म्हणून. अण्णांनी वाटी हातात फिरवली. आतून बघितली, बाहेरून बघितली, काठावरून बोट फिरवलं. मग ती राशीवर परत ठेवली.

"सरी," ते दुकानदाराला म्हणाले, "बेडा." ठीक आहे, पण नको.

"अहो अण्णा, हिरवी टिकली! बरोबर मापात आहे!"

"याच्यावर नाव नाही," अण्णा म्हणाले आणि दुकानाबाहेर पडले.

परत येताना रिक्षात मी हिशेब लावत बसले. ज्या माणसानं तीन वर्षं सहा भाग चुकलेलं भांडं घेतलं नाही, त्यानं शून्य चूक असलेलं भांडंही घेतलं नाही. माणूस बघायचा नाही, माप बघायचं, हे वाक्य मला तेव्हापासून नीट ऐकू येईनासं झालं.

संध्याकाळी पद्माक्का वर आल्या. हातात वांगीभाताचा डबा. त्या बंगळूरातच जन्मल्या, त्यांच्या मराठीत कन्नड अशी मिसळलेली की त्यांना स्वतःला कळत नाही.

"ऊटा, जेवण व्हायचं असेल ना, म्हणून आणला," असं म्हणून त्या बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "अगं मृणाल, हा सुराबिराचा नाद नव्हे. हा राजाजीनगरचा नाद आहे."

राजाजीनगरला अण्णांचा धाकटा भाऊ राहतो. मधुकर, म्हणजे मधू. आईनं जाताना भांडी दोघांत वाटून दिली होती. खालचे चार थोरल्याला, वरचे चार धाकट्याला. लहानपणी दोघे मिळून घासलेली भांडी पुसायचे, पुसताना वाजवायचे, आणि दोघांचे मिळून आठ व्हायचे. म्हणून वाटणीसुद्धा तिनं तशीच केली, पुढेही वाजवायला एकत्र यावं लागेल अशी.

दोघे एकाच कारखान्यात. अण्णा इन्स्पेक्शनला, मधू मशीन शॉपला. एकवीस वर्षांपूर्वी मधूच्या हाताखाली बनलेला शाफ्टांचा एक अख्खा लॉट अण्णांच्या टेबलावर आला. माप चुकलं होतं. किती, तर केसाच्या जाडीचा पंचविसावा भाग. मधूची बढती तोंडावर होती. तो भावाला म्हणाला, "अण्णा, एक पिवळी लाव. एवढ्यानं काही होत नाही, तुलाही माहीत आहे." अण्णांनी लाल लावली. बढती गेली. संध्याकाळी अण्णा त्याच्या घरी जाऊन नियम समजावून आले, आणि त्यानंतर दोघे बोललेले नाहीत.

"लग्नाकार्यात भेटतात, पण सुम्मने, उगाच आपले समोरासमोर उभे राहतात. बोलत नाहीत," पद्माक्का म्हणाल्या. "आम्ही दोघी जावा मात्र दर बुधवारी फोनवर बोलतो. ह्यांना वाटतं, मी भजनी मंडळाशी बोलत्ये."

"मग आज काय झालं?"

"ती म्हणाली, ते घर सोडून पुण्याला लेकीकडे निघालेत. कायमचे. रविवारी सामानाची गाडी येणार. जुनी भांडी पुण्याला नेत नाहीत, मोडीत घालायची ठरलीत." पद्माक्कांनी डब्याचं झाकण उघडलं आणि उगाच परत लावलं. "ह्यांना सांगायचं धैर्य मला नाही. तू टेस्टर आहेस ना, तू सांग."

तो बुधवार होता. मी गुरुवारी खाली गेले. अण्णा फळीसमोर खुर्ची टाकून बसले होते.

"अण्णा, राजाजीनगरला चार भांडी तपासायची आहेत. रविवारच्या आत. नंतर ती मोडीत जाणार."

त्यांनी फळीवरच्या मोकळ्या जागेवरून फडकं फिरवलं. मग म्हणाले, "मी तेव्हा चुकलो नव्हतो."

"चुकलात असं मी कुठे म्हणत्ये?"

"तो लॉट आज आणून ठेवलास तरी मी लालच लावीन."

"लावा ना. टिकल्या घेऊनच चला."

शनिवारी सकाळी नऊ वाजता ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या दारात उभे होते. मागे पद्माक्का. अण्णांच्या हातात कापडी पिशवी आणि पिशवीत खालचे चार.

जे. पी. नगरहून राजाजीनगरला मेट्रो जाते. हिरव्या लाइननं, एकदाही गाडी बदलावी लागत नाही. स्टेशनवर पिशवी यंत्रातून गेली आणि पहाऱ्यावरच्या बाईंनी ती उघडायला लावली. पातेलं, तपेली, वाडगा आणि वाटी बाहेर आले.

"एनु सार इदु?" बाईंनी विचारलं. हे काय?

"सा रे ग म," अण्णा म्हणाले. इतकं खरं उत्तर त्या बाईंना त्या दिवशी दुसऱ्या कुणी दिलं नसेल. त्यांनी भांडी परत पिशवीत ठेवली.

दार मधुअण्णांनीच उघडलं. तेच नाक, तेच पुढे आलेले कान, फक्त चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. घरात सगळीकडे खोकी. दोघे भाऊ उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. एकवीस वर्षांनंतर पहिलं वाक्य काय निघतंय, म्हणून मी आणि पद्माक्का कान देऊन होतो.

"मेट्रोनं आलास?" मधुअण्णांनी विचारलं.

"हो. सरळ येते."

"हो, सरळच येते," मधुअण्णा म्हणाले आणि बाजूला झाले.

चहा झाला. त्या घरात अण्णा स्वयंपाकघराकडे गेले नाहीत. मी त्यांना ओळखते तेव्हापासून असं घर मी पहिल्यांदाच बघत होते. शेवटी मधुअण्णा उठले आणि एका खोक्यातून फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन आले. मोडीत घालायच्या भांड्यांना कुणी इतकं घट्ट बांधत नाही, हे माझ्याही लक्षात आलं.

टेबलावर आठ भांडी ओळीनं लागली. अण्णांनी चमचा काढला. सा. रे. ग. म. मग त्यांनी चमचा भावासमोर धरला. अण्णांचा चमचा दुसऱ्या कुणाच्या हातात जातो, हेही मी पहिल्यांदाच बघितलं.

मधुअण्णांनी प वाजवला. काटा मधोमध. ध, दोन भाग वर. मग नी.

तो मला ॲपशिवायही कळला. तुटली चप्पल. काटा डावीकडे कलला आणि तिथेच राहिला. अठ्ठावीस भाग खाली. मर्यादा पाच.

मधुअण्णांनी चमचा खाली ठेवला. "म्हण रिजेक्ट. मला सवय आहे."

अण्णांनी वाटी उचलली. तिच्या एका बाजूला बोटाच्या पेराएवढा पोचा होता. "आईच्या वेळी हा बरोबर होता."

"त्या संध्याकाळपर्यंतही बरोबरच होता. तू नियम समजावून गेलास आणि मी ही वाटी भिंतीवर मारली. पाच मिनिटं जास्त थांबला असतास तर तुलाच लागली असती."

पद्माक्का हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

अण्णा वाटी फिरवत होते. तिच्यावर टोकदार ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती, ती त्यांनी न वाचताच वाचली. मी मात्र वाकून वाचली. "चि. श्रीधर व चि. मधुकर यांच्या मुंजीप्रीत्यर्थ." श्रीधर म्हणजे आमचे अण्णा. दोघांच्या मुंजी एकाच मांडवात लागल्या होत्या. आठ भांड्यांत एवढ्या एकाच भांड्यावर दोघांची नावं होती. जयनगरच्या वाटीवर कुठलं नाव नव्हतं, ते मला आत्ता कळलं.

"लॉट लालच होता, मधू," अण्णा म्हणाले.

"मला काय माहीत नाही? मशीन माझंच होतं." मधुअण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पण तू नियम सांगायला आलास, अण्णा. मला वाटलं होतं, बसायला येशील."

अण्णांनी खिशातून टिकल्यांचं पाकीट काढलं. मी बघत राहिले. लाल टिकल्यांची रांग जवळजवळ संपलेली होती. हिरव्या टिकल्या शाबूत होत्या. त्यांनी अंगठ्याच्या नखानं एक पिवळी टिकली उचलली आणि वाटीच्या बुडाला लावली. ती जरा तिरकी लागली.

पिवळ्याचा अर्थ त्या खोलीत सगळ्यांत जास्त मधुअण्णांना कळत होता. त्यांनी वाटी घेतली, उलटी केली, बराच वेळ बघितली.

"डेव्हिएशनला सही लागते, अण्णा," ते म्हणाले.

अण्णांनी खिसा चाचपला. तिथे पेन कुठून असणार? मी माझं दिलं. ते काशावर उमटेना, तेव्हा त्यांनी टिकल्यांच्या पाकिटाचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर बारीक, सरळ अक्षरात लिहिलं: नी. अठ्ठावीस खाली. डेव्हिएशनवर पास. खाली पूर्ण सही, तारीख. आयुष्यातली त्यांची ही पहिली. मधुअण्णांनी ते वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं.

"एकवीस वर्षं उशिरा आली," ते म्हणाले.

"हो," अण्णा म्हणाले. "उशीर झाला."

मी दिवसभर दोष नोंदवून त्यांवर सही करणारी बाई. असल्या प्रसंगी मला काही होत नाही, असं माझं मत होतं. त्या दिवशी मला उठून त्यांच्या गॅलरीत जावं लागलं.

रविवारी सामानाची गाडी आली आणि गेली. भांडी मोडीत गेली नाहीत. निघण्याआधी दोघांनी अदलाबदल केली. खालचे चार मधुअण्णांबरोबर पुण्याला गेले, वरचे चार जे. पी. नगरच्या फळीवर आले. आता फळीच्या डाव्या बाजूला जागा मोकळी आहे आणि तिची धूळ अण्णा अजून स्वतः पुसतात.

त्यांचं घरोघरी जाणं बंद झालं. गिरिजाक्का विचारतात, सार बरे आहेत ना? बरे आहेत. रोज सकाळी साडेआठला फोन टेबलावर ठेवून बसतात. पुण्याहून सा, रे, ग, म येतात, फोनमधून येताना जरा घोगरे होतात. मग इकडून अण्णा प वाजवतात, ध वाजवतात. मी तेव्हा चहा घेऊन गॅलरीत असते, मला सगळं ऐकू येतं. मग नी. बिल्डिंगमधला सगळ्यांत बेसूर आवाज असेल तो. अण्णा त्याला इतरांपेक्षा जास्त वेळ वाजू देतात.

"पास?" पलीकडून मधुअण्णा विचारतात.

"पास," अण्णा म्हणतात आणि वरचा सा वाजवतात.